डोंगर उशाला, कोरड घशाला

दिवाळीची सुट्टी जवळ आली की हॉस्टेलमध्ये ट्रेकचे बेत सुरू होतात. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई... रेल्वेची तिकिटं बघितली जातात, वर्गणी ठरते आणि शेवटी निम्मे जण 'घरून पैसे नाही आले' म्हणून गळतात. अशा वेळी कुणी 'मग नरनाळ्याला जाऊ या' म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं, "काय हाय बे तिथं? दगडं त हायत!"

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या उत्तराला उत्तर म्हणून लिहिते आहे. दगडं आहेत, हे अगदी कबूल. पण वऱ्हाडात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने हा डोंगर एकदा तरी, सहलीचा डबा बाजूला ठेवून, हातात मोजपट्टी घेऊन बघायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण आपल्या भागाचा सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा आहे, आणि त्याचं एक उत्तर पाचशे वर्षांपासून त्या डोंगराच्या माथ्यावर पडून आहे. आपण मात्र त्याच्या पायथ्याशी बसून वीस लिटरचे जार मागवतो!

एका ओळीतला सातपुडा

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या भूगोलात आल्प्स होता, रॉकीज होता, त्यांची रंगीत चित्रं होती. सातपुड्याच्या वाट्याला एक ओळ होती : नर्मदा आणि तापी यांच्या मधली पर्वतरांग. ओळ बरोबर आहे, पण त्या रांगेच्या पायथ्याशी आपण राहतो, तिच्यातून आलेलं पाणी पितो, हे त्या ओळीत कुठेच नव्हतं. मार्क मिळाले, डोंगर काही मिळाला नाही.

अकोल्याहून अकोटकडे निघालं की उत्तरेला आधी निळसर रेघ दिसते आणि मग हळूहळू तिची भिंत होते. हे गाविलगडचे डोंगर, म्हणजे सातपुड्याची दक्षिणेकडची कड. अकोटच्या पुढे वीसेक किलोमीटरवर शहानूर नावाचं गाव लागतं आणि त्याच्या डोक्यावर नरनाळा. उंची समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरपेक्षा थोडी जास्त. चिखलदऱ्याजवळचं वैराट याच्यापेक्षा उंच, कळसूबाई तर १६४६ मीटर. त्यामुळे उंचीच्या स्पर्धेत आपला गडी बुटकाच! पण खालचं मैदान तीनशे मीटरच्या आसपास असल्याने पायथ्यातून मान वर केली की सहाशे मीटरचा उभा डोंगर समोर असतो.

आता हा डोंगर इथेच असा भिंतीसारखा का उभा आहे? हा प्रश्न सिव्हिलवाल्यांनी तरी विचारायलाच हवा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून आपला काळा बेसाल्ट तयार झाला. पुढे या भागात जमिनीला मोठा तडा गेला. तड्याच्या उत्तरेचा भाग वर राहिला, दक्षिणेचा खचला. वर राहिला तो सातपुडा, खचला तिथे पूर्णा नदीचं खोरं. त्या खोलगट भागात लाखो वर्षं गाळ भरत गेला, तो काही ठिकाणी तीनशे मीटरहूनही जाड आहे. म्हणजे नरनाळ्याच्या माथ्यावरचा काळा दगड आणि दर्यापूरच्या शेताखाली खोल गाडला गेलेला काळा दगड, ही मुळात एकाच घरची भावंडं. एक माडीवर राहिलं, एक तळघरात गेलं.

गोड पट्टा, खारा पट्टा

या एका तड्याने आपल्या भागाचं नशीब ठरवलं. डोंगरावर पाऊस जास्त. अकोल्यात वर्षाला सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पडतो, तर चिखलदऱ्याला त्याच्या जवळपास दुप्पट. हे पाणी नाल्यांमधून खाली येतं तेव्हा पायथ्याशी गोटे, वाळू, रेती यांचा पट्टा लागतो. तिथे ते मुरतं. अकोट, अंजनगाव, अचलपूर भागातल्या संत्र्याच्या आणि केळीच्या बागा या मुरलेल्या पाण्यावर उभ्या राहिल्या. त्याच्या खाली, पूर्णेच्या दोन्ही अंगांना, बारीक चिकण मातीचा पट्टा सुरू होतो. पाण्याचा निचरा होत नाही, क्षार साठतात, आणि विहीर खणली तर खारं पाणी लागतं. हाच आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून तो साडेचार हजार चौरस किलोमीटरपेक्षा जास्त आहे.

माझी रूममेट दर्यापूर तालुक्यातली. पहिल्या वर्षी मेसची डाळ कितीही पातळ असली तरी ती तक्रार करत नसे. कारण विचारलं तर म्हणाली, "इथली शिजते तरी बाई! आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणा तसाच राह्यते." तिच्या आजीला अजूनही 'गोड पाणी' हा शब्द सरबतासाठी नाही, साध्या पिण्याच्या पाण्यासाठी लागतो. खाऱ्या पाण्याने मूत्रपिंडाचे आजार होतात, अशा तक्रारी त्या पट्ट्यातल्या गावागावात आहेत. आपल्या हॉस्टेलमधले कितीतरी जण याच गावांमधून आलेले आहेत, म्हणजे हा प्रश्न पुस्तकातला नाही, आपल्याच कॉटवर झोपतो आहे.

तो किल्ला 'आपला' आहे का?

इतिहासाकडे वळण्याआधी एका वाक्याचा समाचार घेते, कारण ते मी हॉस्टेलमध्ये ऐकलेलं आहे : "तो महाराजांचा किल्ला थोडीच आहे!" नाही, नाही आहे. शिवाजी महाराजांचा वऱ्हाडाशी आलेला मोठा संबंध म्हणजे १६७० मधली कारंज्याची मोहीम. नरनाळ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्याच मातीतली आहे.

बहमनी काळात, पंधराव्या शतकात, या किल्ल्याला महत्त्व आलं. वर चढताना शहानूर दरवाजा, मेंढी दरवाजा आणि मग महाकाली दरवाजा लागतो. हा तिसरा दरवाजा बघून माझी तरी बोलती बंद झाली. सगळा डोंगर काळा आणि हा दरवाजा फिकट वालुकाश्माचा! म्हणजे दगड दुसरीकडून आणून इथे चढवला. त्यावर कोरलेली कमळं, बाजूला दगडी जाळीचे सज्जे, वर अरबी लिपीतला लेख. साल १४८७. बांधणारा फत्हुल्ला इमादुल्मुल्क, बहमनी राज्याचा वऱ्हाडचा सुभेदार. फेरिश्ता नावाचा इतिहासकार सांगतो की तो मुळात विजयनगरच्या मुलखातला, हिंदू घरातला मुलगा, लढाईत पकडला गेला आणि मुसलमान म्हणून वाढला. पुढे १४९० मध्ये याच माणसाने बहमनी राज्यातून फुटून वऱ्हाडची स्वतंत्र इमादशाही उभी केली. म्हणजे वऱ्हाडला स्वतःचं राज्य देणारा माणूस तो. कमळ, अरबी लेख आणि नाव महाकाली... एकाच दरवाज्यावर. आता हे 'आपलं' की 'त्यांचं', हे ठरवायला कुठल्या बाजूने करवत चालवणार?

इमादशाही १५७४ मध्ये संपली. राजाला कैदेत टाकून स्वतः कारभार बघणाऱ्या तुफालखानाला अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने याच नरनाळ्यावर गाठलं. नंतर मुघल आले, नंतर नागपूरकर भोसले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच डोंगराच्या पुढ्यात, तेल्हारा भागातल्या अडगावच्या मैदानावर इंग्रजांशी लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, ज्याने १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. शाळेत वॉटर्लूची तारीख आमच्याकडून घोकून घेतली होती, अडगावचं नावही निघालं नाही. अडगाव अकोटहून एसटीने जाता येतं!

माथ्यावरचं गणित

पण माझ्या लेखाचा खरा मुद्दा लढाया नाहीत, पाणी आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जणी आणि सिव्हिलचे तीन मित्र परवानगी काढून नरनाळ्याला गेलो. वर पोहोचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया 'वॉव, व्ह्यू' अशीच होती. दुसरी प्रतिक्रिया होती, "अरे, इथे पाणी कसं काय?"

किल्ल्यावर एक नदी नाही, एक झरा वाहताना दिसत नाही. तरी वीसेक तलाव आहेत. काही भरून गेलेत, काही पावसाळ्यापुरते, आणि थोडे वर्षभर पाणी धरून राहतात. शक्कर तलाव त्यांतला सगळ्यांच्या ओळखीचा. एकच प्रचंड तळं खणण्याऐवजी, जिथे जिथे उतार पाणी आणून देतो तिथे तिथे लहान लहान तळी. एक आटलं, फुटलं, घाण झालं तरी बाकीची चालू! आपण डिझाइनच्या पेपरात ज्याला 'रिडन्डन्सी' म्हणतो, ती हीच. शिवाय राणीमहालाच्या जवळ जमिनीखाली कमानींवर छत घातलेली टाकी आहेत. लोक त्यांना तेला-तुपाची टाकी म्हणतात. त्यांत काहीही साठवत असोत, पण मेमधलं वऱ्हाडचं ऊन ज्याने सोसलंय त्याला झाकलेल्या टाकीचं महत्त्व सांगावं लागत नाही. उघडं पाणी आपल्याकडे उन्हाळ्यात लोकांच्या आधी सूर्यच पितो.

आम्ही तिथेच कागदावर एक हिशोब केला. तुम्हीही करून बघा. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर अकोल्याचाच कमीत कमी, म्हणजे ७५० मिलिमीटर पाऊस धरला तर ७,५०० घनमीटर, म्हणजे ७५ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं मुरण्यात, उडण्यात, गळण्यात गेलं असं समजा. उरलं साडेसदतीस लाख. १,००० माणसांना रोज १० लिटर याप्रमाणे वर्षभराला लागतात साडेछत्तीस लाख लिटर. म्हणजे फक्त १ हेक्टर उतार आणि न गळणारी तळी, एवढ्यावर हजार माणसांची वर्षाची तहान भागते! पंप नाही, पाइप नाही, वीज नाही. चार वर्षं आपण कॅल्क्युलेटर बडवतो आणि हे गणित पाचशे वर्षांपूर्वी कुणा अनामिक गवंड्याने दगडात सोडवून ठेवलेलं आहे. त्याला कुणी व्हायवा विचारला नाही, पण त्याचं उत्तर अजून ओलं आहे.

आता आपल्या हॉस्टेलकडे या. गच्ची साधारण १,००० चौरस मीटर धरा. त्याच ७५० मिलिमीटर पावसाने तिच्यावर साडेसात लाख लिटर पाणी पडतं. वीस लिटरच्या जारमध्ये भरलं तर ३७,५०० जार. निम्मं वाया गेलं तरी १८ हजारांच्या वर. हे पाणी आपण दरवर्षी पन्हळीतून गटारात सोडतो आणि एप्रिलमध्ये बादली घेऊन रांगेत उभे राहतो. आणि खाली बोर्ड कसला, तर सिव्हिल इंजिनिअरिंगचा!

आजही तोच डोंगर

कुणी म्हणेल, राजे गेले, किल्ले गेले, आता काय त्याचं? तर आजही तोच डोंगर आपल्याला पाजतो आहे. वान नदीवरच्या हनुमान सागर धरणातून अकोट, तेल्हारा, शेगाव या भागांना पिण्याचं पाणी जातं. शहानूर नदीवरच्या धरणावर अंजनगाव-दर्यापूरकडची खारपाणपट्ट्यातली गावं अवलंबून आहेत. अमरावतीला पाणी देणारी वर्धा नदीसुद्धा उगम पावते मुलताईजवळ, म्हणजे सातपुड्यातच. वानच्या पाण्यावरून गेल्या काही वर्षांत तेल्हाऱ्याकडचे शेतकरी एका बाजूला आणि अकोला-बाळापूरकडची मागणी दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताणही झालेली आहे. दोघांचीही गरज खरी. पण धरण एकच, डोंगर एकच.

आणि हा डोंगर रिकामा नाही. १९७४ मध्ये मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्र प्रकल्प झाला, १९९७ मध्ये नरनाळा अभयारण्य. जंगल राखलं गेलं म्हणून नाले टिकले, हे मान्यच. पण त्या जंगलातली कोरकू माणसांची काही गावं उठवून पायथ्याला अकोट तालुक्यात आणून बसवली गेली. जमीन आणि रोजगाराची आश्वासनं नीट पाळली गेली नाहीत, असं म्हणत काही जण परत जंगलात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे संघर्षही झाला. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याची किंमत कुणीतरी मोजलेली आहे, एवढं तरी आपल्याला माहीत असावं. बिल दुसऱ्याच्या नावावर फाडून आपण ताव मारायचा, हे बरं नाही.

मग करायचं काय?

नुसतं 'आपण विचार केला पाहिजे' म्हणून लेख संपवायची आपल्या मॅगझिनमध्ये प्रथा आहे. मी ती मोडते आणि सरळ मागणी करते.

दरवर्षी फायनल इयरला प्रोजेक्ट होतात. त्यांतले किती जुन्या रिपोर्टला नवं कव्हर चढवून होतात, हे आपल्या सगळ्यांना आणि (माफ करा) सरांनाही ठाऊक आहे. नागपूर रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला तर तोंडपाठ असतील! त्याऐवजी दरवर्षी एका गटाने नरनाळ्याचे दोन तलाव घ्यावेत. लांबी-रुंदी-खोली मोजावी, लेव्हल घ्यावी, पाणी कुठल्या उतारावरून येतं त्याचा नकाशा करावा, भिंतीचा चुना आणि दगड बघून लिहून ठेवावं. दुसऱ्या गटाने तीन ठिकाणचं पाणी तपासावं : माथ्यावरचं, शहानूरच्या विहिरीचं आणि दर्यापूरकडच्या एका खाऱ्या विहिरीचं. टीडीएस मीटर काही फार महाग नसतं. कॉम्प्युटरवाल्यांनी ती माहिती एका नकाशावर आणावी. दहा वर्षांत सगळे तलाव होतील आणि आपल्या लायब्ररीत असं काहीतरी असेल जे पुण्या-मुंबईच्या कुठल्याच कॉलेजात नाही. आणि मग त्याच रिपोर्टच्या आधाराने आपल्याच गच्चीचं पाणी अडवावं, खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावच्या शाळेत टाकी बांधावी. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्या पट्ट्यात शेततळ्यांचा आग्रह धरतंच आहे. शेतात तळं, शाळेत टाकी. विचार तोच, नरनाळ्याचाच.

यावर आक्षेप येतील. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, जंगल वन विभागाचं आहे. बरोबर, म्हणून रीतसर परवानगी काढायची, खणायचं नाही, खरडायचं नाही, भिंतीवर बदामात नावं कोरायची नाहीत, फक्त मोजायचं. मोजण्याने दगड झिजत नाही. दुसरा आक्षेप : "याने प्लेसमेंट होते का?" कदाचित नाही होत. पण मुलाखतीत 'तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा' म्हटल्यावर ततपप होण्यापेक्षा, ज्या तळ्यात स्वतः टेप धरून उभे होतो त्याबद्दल बोलणं सोपं जाईल, असं मला वाटतं.

आपल्यातले बहुतेक जण दोन वर्षांत पुण्याला, हैदराबादला, कदाचित आणखी लांब जातील. मीही जाईन, त्यात काही गैर नाही. पण तिकडे कुणी विचारलं, "तुमच्या विदर्भात काय आहे हो? फक्त ऊन आणि कोरडा दुष्काळ ना?" तर खाली मान घालून हसायचं की एक कागद काढून १ हेक्टरचा हिशोब मांडून दाखवायचा, हे आत्ताच ठरवायला हवं. माझा कागद तयार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी मेसच्या नोटीस बोर्डवर नाव लिहावं. मोजपट्टी डिपार्टमेंटची, डबा ज्याचा त्याचा, आणि पाण्याची बाटली मात्र भरून आणा. शक्कर तलाव बघायचा आहे, प्यायचा नाही!

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी